महागडं पेट्रोल आणि बाबांचे कान

माझे सासरे इंजिनचं दुखणं नुसतं ऐकून ओळखतात, असं सगळे म्हणतात. दहा वर्षं त्यांच्या गॅरेजमध्ये हाताखाली काढली, त्यातली निम्मी बोलणी खाण्यात गेली. पण आवाजाच्या बाबतीत बाबा म्हणतील तेच खरं, हे मीही मानत आले.

म्हणूनच शाळेतल्या बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “साधं पेट्रोल टाकलं की चढावर टिणटिण वाजते, महागडं टाकलं की गप्प बसते,” तेव्हा बाबा हसले.

“बाई, त्या पेट्रोलने ताकद वाढत नाही. ते जास्त दाब सोसतं, अवेळी पेट घेत नाही, एवढंच. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला ते हवं. तुमच्या गाडीला साधं पुरे.”

“मग वाजते का?”

“ती तुमच्या मनात वाजते.”

टाकीत साधं पेट्रोल होतं. आम्ही तिघं चढावर गेलो. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि डब्यात खिळे हलवावेत तसं इंजिन वाजू लागलं. बाबा खुशीत होते.

“बघा. आहे का कुठे आवाज?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाचं सगळं नाव त्या दोन कानांवर उभं. पण मी गप्प बसले असते, तर बाई उगाच जन्मभर महागडं पेट्रोल भरत राहिल्या असत्या.

“बाबा, वाजतंय,” मी म्हणाले. “चांगलं मोठ्याने वाजतंय.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या सर्व्हिसला टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, त्यांनीच लावलं होतं, नेहमीसारखं आवाजावरून. ठिणगी जरा आधीच पडत होती, आणि इंजिन वाजतंय हे त्यांना तेव्हाही ऐकू आलं नव्हतं.

मला वाटलं, आता सारवासारव करतील. मी तरी केली असती. पण ते मागे वळून बाईंना म्हणाले, “बाई, चूक माझी. टायमिंग मी चुकीचं लावलं, आणि त्या महागड्या पेट्रोलने ते इतके दिवस झाकून ठेवलं. मला हा आवाज ऐकूच येत नाही.”

चाळीस वर्षांचं नाव पणाला लावून, गिऱ्हाइकासमोर, एका दमात. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी काही उठसूट रडणाऱ्यांतली नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर टायमिंग मी लावलं. त्याच चढावर, त्याच साध्या पेट्रोलवर गाडी मुकाट्याने चढली. बाबांनी मला तीनदा विचारलं, “नक्की ना?”

दुसऱ्या दिवशी एक टॅक्सीवाला आला आणि बाबांना म्हणाला, “काका, जरा ऐकून सांगा ना, काय वाजतंय ते.”

“माझ्या सुनेला ऐकू दे,” बाबा म्हणाले. “मला आता कमी ऐकू येतं.”

आणि त्यांनी माझ्यासाठी बॉनेट उघडून धरलं.