वायर तुटलेली, आकडा चार

"फ्रिजचं दार मी उघडं ठेवलं म्हणते तुमची कंपनी! वीस वर्षं झाले, लसी सांभाळून राह्यली मी. अन् आता मलेच नोटीस?" कांता सिस्टरांनी कागद बाबारावांच्या पुढ्यात आपटला.

बाबारावांनी नोटीस उचलून वाचली. आरोग्य केंद्रातल्या लसी खराब झाल्याचं कुप्यांवरच्या खुणांचा रंग बदलल्यावर कळलं होतं, आणि कंपनीच्या धनंजय साहेबांनी सकाळीच त्यांना फोनवर बजावलं होतं, "दार उघडं होतं असा रिपोर्ट लिहा, सही करा आणि या."

पुलगावात तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करून, तो धंदा बसल्यावर बाबाराव या कंपनीत कंत्राटावर लागले होते. लसींच्या फ्रिजवरचे तापमानाचे डबे सांभाळायचे, हे काम. डबा म्हणजे नखाएवढ्या मेमरी कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर. त्याची सगळी अक्कल एका फाइलीत असते, तिला इमेज म्हणतात. ती लॅपटॉपवरून कार्डावर उतरवायची, कार्ड डब्यात घालायचं, की डबा तिच्या हुकमानं चालू होतो.

त्यांनी फ्रिजमागे वाकून पाहिलं. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडून तोडली होती. डब्यावर मात्र आकडा होता चार अंश, लसींना हवा तेवढाच. त्यांनी डबा बंद करून पुन्हा चालू केला. तरी चार.

बाबारावांची कानशिलं तापली. गेल्या महिन्यात धनंजयनं नवीन इमेज पाठवली होती. "आता अलार्मची कटकट संपली, तक्रारी बंद," असं हसत सांगितलंही होतं. बाबारावांनी ती एकोणीस कार्डांवर उतरवली, प्रत्येक कार्ड नीट उतरलं का ते तपासलं. इमेजमध्ये काय आहे, हे मात्र विचारलं नाही.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "साहेब, वायर तुटली तरी डबा जुनाच आकडा दाखवून राह्यला. हे तुम्हाले माहीत होतं?"

"बाबाराव, सांगितलं तेवढं लिहा."

"नाई लिहीत जी."

फोन ठेवून त्यांनी केंद्राच्या डॉक्टर सुरभी मॅडमना बोलावलं. लॅपटॉप उघडला, जुनी इमेज शोधली आणि त्याच कार्डावर उतरवायला घेतली. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. पूर्ण झाल्यावर त्यांनी कार्ड पुन्हा तपासलं. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या, तरी घाई केली नाही. मग कार्ड घालून बटण दाबलं.

डब्यानं सेन्सर शोधला. सापडला नाही. आकड्याच्या जागी दोन रेघा आल्या आणि डबा असा कर्कश ओरडला, की लेकरं घेऊन बसलेल्या बाया दचकून उठल्या.

"म्हणजे परवा रात्रभर वीज नव्हती, फ्रिज गरम होत होता आणि हा चारच दाखवत होता?" मॅडमचा आवाज चढला. "आणि डबा आला म्हणून काचेचं थर्मामीटर आपण कपाटात ठेवलं!"

बाबारावांनी रिपोर्ट लिहिला. शेवटी लिहिलं, 'ही इमेज एकोणीस डब्यांत मी स्वतः टाकली. ती आजच बदलून घ्या.'

"भाऊ, सोताचं नाव काऊन लिहिता?" कांता सिस्टरांचा राग एकदम उतरला.

"म्याच टाकली, तर कोणाचं लिहू, बाई?"

मॅडमनी तो रिपोर्ट वर पाठवला आणि चार दिवसांनी नोटीस मागे घेतली गेली. चूक झाली, असा एक शब्द त्या कागदावर नव्हता. त्याच दुपारी धनंजय लॅपटॉप परत न्यायला बाबारावांच्या घरी आला. "उद्यापासून येऊ नका. बाईला फार तर ताकीद मिळाली असती. तुमचं काय जात होतं?"

"माह्यं?" बाबाराव ताडकन उठले. "लेकरांले खराब लस टोचली असती, ते कोणाच्या खात्यात लिहिलं असतं तुम्ही? अन् बाकीचे अठरा डबे? ते आजही खोटं बोलून राह्यले."

"वरून पत्र येईल, तेव्हा बघू." धनंजय लॅपटॉप काखेत मारून निघून गेला.

बाबारावांनी डायरी काढली. अठराही केंद्रांचे नंबर तिच्यात होते. चष्मा लावून त्यांनी पहिला नंबर फिरवला.

"सिस्टर, डब्यावरच्या आकड्यावर भरोसा ठेवू नका. काचेचं थर्मामीटर काढा अन् आत्ताच पाहा."

"कोण, कंपनीतून बोलता का?"

"नाई जी," ते म्हणाले. "मी बाबाराव बोलून राह्यलो."

आणि थर्मामीटर सापडेपर्यंत ते फोन कानाला धरून उभे राहिले.