कात्रीचा स्वयंपाक

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. आज माझ्या पात्यांना मसाल्याचा वास येतो, पण माझा जन्म कापडासाठी झाला होता. एका लोहारानं मला तापवलं, ठोकलं, घासलं आणि माझी दोन पाती एका खिळ्यात अडकवली. तिथून मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या हाती आले. घरात सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणते.

मागच्या खोलीत खिडकीपाशी आईचं मशीन होतं आणि शेजारी कापायचं लांब टेबल. तिनं मला जिवापाड जपलं. माझ्यानं कागद कापलेला तिला खपत नसे. एकदा मुलानं वहीचं पान कापलं, तर दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही.

शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग पडायचा. त्या दिवसांत घरात गॅस पेटायचा तो चहापुरता. दुकानातला पाव आणि दुकानातलं लोणचं मुलं उभ्या उभ्या खाऊन पळायची. हे मी पाहिलं आहे. पण मोठी झाल्यावर तीच मुलं चारचौघांत सांगू लागली, "आमच्या आईनं आम्हाला कधी बाहेरचं खाऊ घातलं नाही." आई नुसती हसायची. मुलांनी आपल्याला एवढं मोठं केलेलं कुणाला नको असतं?

पुढे तिची नजर अधू झाली. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं आणि मी खणात पडून राहिले. मुलाचं लग्न झालं. सून इस्पितळात परिचारिका होती. दर आठवड्याला तिची पाळी बदलायची. सुजलेल्या पायांनी घरी यायची आणि पिशवी ठेवून तशीच ओट्याशी उभी राहायची.

एका संध्याकाळी ती मसाल्याचं पाकीट दातांनी फाडत होती. आईनं ते आवाजावरून ओळखलं. चाचपडत तिनं मला खणातून काढलं.

"दात पाडून घेशील. ही घे."

सून ओशाळली. "आई, आज वाटायला वेळच नाही मिळाला."

"मी विचारलं का तुला? कोपरा काप आणि पाकीट कचऱ्यात खाली दाब. कुणाला कळायची गरज नाही."

त्या एका पानाखेरीज कागदालाही न शिवलेली मी, त्या दिवसापासून पाकिटं कापू लागले. आधी फार अपमान वाटला. मग मी बघत गेले. मसाला तेवढा पाकिटातला होता. भाज्या निवडणं, चिरणं, परतणं, मीठ बेताचं घालणं, आईसाठी भात मऊ शिजवणं, हे सगळं सुनेच्याच हातचं होतं. मुलगा ताट पुसूनपुसून खायचा आणि म्हणायचा, "अगदी आईच्या हातची चव!" सासू-सून एकमेकींकडे तोंड करून गालात हसायच्या. अशी चार वर्षं गेली.

मग एका रविवारी नणंद माहेरी आली. दोनदा रस्सा मागून घेतला, वाटी चाटली आणि साली टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे गेली. पिशवी फाटली. पाकिटं फरशीवर पसरली. मी तिथेच ओट्यावर पडले होते, पात्यांना मसाला लागलेला.

"वहिनी, हे काय? हा असला कात्रीचा स्वयंपाक आमच्या आईला खाऊ घालतेस?"

मुलानं ताट दूर सारलं. ताट रिकामंच होतं. "चार वर्षं फसवलंस आम्हाला," तो म्हणाला.

सून फक्त आईकडे बघत राहिली. आईला नीट दिसत नव्हतं, पण कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे तिला कळलं असणारच. तिनं पाण्याचा पेला चाचपडला आणि म्हणाली,

"मला मेलीला दिसतंय कुठे? पुढ्यात येईल ते खाते."

सुनेनं पाकिटं गोळा केली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून मसाला भाजू लागली, वाटू लागली. मनगटावर चटक्यांचे दोन डाग पडले. डोळे कायम तांबारलेले. नवरा जेवता जेवता म्हणायचा, "पहिल्यासारखी चव नाही येत." त्यानं एकदाही कांदा चिरून दिला नाही. सासू-सुनेचं बोलणं औषध आणि पाण्यापुरतं उरलं. मी भिंतीवर टांगलेली गंजत गेले.

वर्षभरात आईला गिळणं जड झालं. डॉक्टरांनी बाजारात मिळणारी पौष्टिक पावडर सांगितली. नणंद पाकिटांचं खोकंच घेऊन आली.

"वहिनी, हे वेळेवर देत जा हं. फार चांगलं असतं."

सुनेनं मला भिंतीवरून काढलं. माझा खिळा आखडला होता. कोपरा कापायला तिला दोनदा जोर लावावा लागला.

एका दुपारी भरवताना आईनं तिचं मनगट धरलं. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गं."

"हो, आई. हवं होतं."

"मुलांच्या नजरेतून उतरायची भीती वाटली."

"माहीत आहे मला."

सुनेनं उरलेले दोन चमचे भरवले, आईचं तोंड पुसलं आणि गणवेश चढवून कामावर निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर मी राग शोधला, माया शोधली. दोन्ही नव्हतं. त्याच महिन्यात आई गेली.

आता सून पाकिटं उघडपणे ओट्यावर ठेवते. कुणी नावं ठेवत नाही, कुणी वाखाणतही नाही. सगळे जेवतात आणि उठतात.

मित्रांनो, मला धार लावा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. पण तुमच्या घरी कुणी दमूनभागून ओट्याशी उभं राहत असेल, तर हे घरचं की बाहेरचं असं विचारण्याआधी उठून भाजी चिरायला घ्या. आणि खरं ठाऊक असेल, तर ते सगळ्यांसमोर, वेळेवर बोला. मागाहून कानात बोललेलं कुणाच्या अंगी लागत नाही.