डोनल अंकलचा शेवटचा फटका

माझ्या अंगात पांढरा कोट, हातात पांढरा झेंडा. सहा महिन्यांपूर्वी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे! आणि आज मीच म्हणाले होते, गोलपाशी पंच म्हणून मी उभी राहते.

हर्लिंग हा आयर्लंडचा खेळ, बाबांच्या भाषेत हॉकीच, फक्त चेंडू हवेत आणि जीव मुठीत. दोन उंच खांबांच्या मधून चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, पंचाने पांढरा झेंडा हलवायचा. बाहेर गेला तर दोन्ही हात पसरायचे. झालं.

डोनल अंकल बाबांच्या बँकेत आहेत आणि दर शनिवारी आम्हा मुलींना शिकवतात. आयर्लंडमध्ये ते चौदा वर्षं त्यांच्या जिल्ह्याकडून खेळले, तेही फुकट. तिकडे तशीच पद्धत आहे, बाबांना ते अजून पटलेलं नाही. अंकलची तीन बोटं वाकडी आहेत आणि गोष्ट एकच आहे: फायनलच्या शेवटच्या मिनिटाला त्यांनी मारलेला चेंडू खांबांच्या आत होता, पंचाने हात पसरले, ते हरले. पुन्हा फायनल मिळालीच नाही. त्या पंचाचं नाव आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

आज त्यांची शेवटची मॅच, कारण गुडघा संपलाय. क्वालालंपूरचे पाहुणे एका गुणाने पुढे. आभाळ काळंकुट्ट, विजांचा इशारा देणारा भोंगा कधीही वाजेल आणि खेळ थांबेल. रेफरी म्हणाले, हा फटका शेवटचा.

अंकलनी काठीने चेंडू उचलला आणि हाणला. तो खांबाच्या टोकाच्याही वर गेला. अशा वेळी खांब आणखी उंच आहे असं मनात धरून ठरवायचं. मी खांबाखाली मान मोडेपर्यंत वर बघत होते. चेंडू बाहेरून गेला. थोडासाच, पण बाहेरून.

पलीकडच्या खांबापाशी उभा असलेला पंच माझ्याकडे बघत होता. बाजू माझी, निर्णय माझा.

"गार्गे, झेंडा!" बाबा ओरडले.

आमच्या पोरी तर नाचायलाच लागल्या होत्या. आता अंकलच्या गोष्टीत दोन पंच असणार, आणि दुसरीचं नाव गार्गी. हलवला असता झेंडा, तर कोणाला कळलं असतं?

मी तो गवतात टाकला आणि दोन्ही हात पसरले.

शिट्टी वाजली, पाठोपाठ भोंगा. सगळे शेडकडे पळाले. अंकल मात्र लंगडत माझ्याकडे आले. सॉरी म्हणायचं नाही हे मी ठरवलं होतं.

"किती बाहेर?" त्यांनी विचारलं.

"एक हात."

"दीड." ते खांबाच्या टोकाकडे बघत राहिले. "तेव्हाचाही बाहेरच होता, गार्गी. मारताक्षणी हाताला कळतं."

शेडमध्ये बाबा तोंड फुगवून उभे होते. अंकलनी माझा झेंडा उचलून आणला होता, त्याचं गवत झटकलं आणि तो बाबांच्या हातात दिला.