इन्स्पेक्टरची पिशवी

कॉम्प्युटर तोच होता, पण आतला माणूस बदलल्यासारखा वागत होता. पडद्यावर कुठल्याशा तळ्याचं निळंशार चित्र, खाली गोल कोपऱ्यांची पट्टी आणि मधोमध एक वाक्य: तुमची सिस्टिम आता अद्ययावत झाली आहे. ताईनं ते वाचलं आणि रोजचं चिन्ह शोधायला लागली. ते जागेवर नव्हतं. शोधायच्या चौकटीत तिनं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, तर कॉम्प्युटरनं अगदी नम्रपणे कळवलं, की असं काही सापडलं नाही, इंटरनेटवर शोधू का?

"शोध तुझ्या आजोबांना!" ताई पुटपुटली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कॅन्सरच्या औषधांच्या पिशव्या बनतात त्या दोन खोल्यांची ती फार्मसिस्ट. आतली खोली काचेपलीकडे, तिथे झगा, टोपी आणि दुहेरी हातमोजे घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि हा कॉम्प्युटर. डॉक्टर वरून औषधाचं नाव आणि अंगाच्या मापामागे किती द्यायचं ते प्रमाण पाठवत. पेशंटची उंची आणि वजन घालून मात्रा किती, हे इथल्या फाईली काढत. प्रत्येक औषधाची वेगळी फाईल, आणि प्रत्येक फाईलमध्ये एक राखाडी बटण. फार पूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणा हुशार माणसानं ते बनवलं होतं. वजन घाला, बटण दाबा, खाली ठळक अक्षरांत आकडा येतो. त्या आकड्यावर सगळ्यांचा इतका विश्वास, की हातानं गुणाकार करायची सवय कधी सुटली हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तिनं कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. तिथल्या माणसाला सगळं हॉस्पिटल पासवर्ड म्हणायचं, कारण कुठलीही तक्रार घेऊन जा, त्याचा पहिला प्रश्न तोच असायचा.

"रीस्टार्ट केलंत का?" पासवर्डनं विचारलं.

"दोनदा. अहो, ऑफिसचा अख्खा प्रोग्रॅमच गायब आहे. माझ्या फाईली उघडायच्या कशात?"

"गायब कसा होईल, ताई? नवी सिस्टिम टाकलीय, जुनं व्हर्जन तिला पटलं नसेल, दिलं असेल काढून. येतो मी. आधी बिलिंगवाल्यांकडे जातो, तिथे नुसती बोंबाबोंब चाललीय."

बिलिंगवाले आधी. नेहमीचंच. ताईनं फोन ठेवला तेवढ्यात तो पुन्हा वाजला. वरच्या मुलांच्या वॉर्डमधल्या सिस्टर होत्या.

"अगं, इन्स्पेक्टरबाईंची पिशवी कुठाय? उलटीचं इंजेक्शन देऊन झालंय. शीर मिळायला किती वेळ लागला ते आम्हालाच ठाऊक. ती बघ, माझ्या हाताची तपासणी करून झाली, आता घड्याळाकडे बोट दाखवतेय."

इन्स्पेक्टरबाई म्हणजे वॉर्डमधली एक मुलगी. हात धुतले का, सुई नवी आहे का, हे विचारल्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नसे. ताईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. तळमजल्यावरून वर जायचं कामच पडत नसे, पिशव्या शिपाई नेत. उंची-वजनाचे आकडे ती रोज इतक्या जणांचे घालायची, की त्यांतून माणूस डोळ्यांपुढे येत नसे; फोनवरच्या गोष्टी ऐकून मात्र ताईच्या मनात एक दोन वेण्यांची, तोंडाळ, चांगली उंचनिंच पोर तयार झाली होती.

"पाठवते, पाठवते," ताई म्हणाली.

मग तिला युक्ती सुचली. नव्या सिस्टिमबरोबर तसल्याच फाईली उघडणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आला होता. तिनं त्यात इन्स्पेक्टरबाईंच्या लाल औषधाची फाईल उघडून पाहिली. उघडली! रकाने जरा सरकले होते, अक्षरं बदलली होती, पण राखाडी बटण जागेवर होतं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिनं नाव घातलं, उंची घातली, वजन घातलं, बटण दाबलं. बटण आत गेलं, बाहेर आलं. खाली आकडा होता.

आकडा जरा मोठा वाटला. खरंच वाटला. आत काचेच्या कपाटात हात घालून औषध ओढताना दुसरी बाटली फोडावी लागली, तेव्हा तिचा हात थबकला. पण या फेरीपासून मात्रा वाढवायची असं वर चाललंय, हे तिच्या कानावर आलं होतं. शिवाय बाहेर मोठ्या बाई होत्या.

मोठ्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. निवृत्तीला टेकलेल्या आणि कामात डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या. इथली पद्धत अशी, की आतली लेबल मोठ्यानं वाचते आणि बाहेरची पडद्यावर बघून ओ देते. ताईनं नाव वाचलं, बाई "बरोबर" म्हणाल्या. वजन वाचलं, "बरोबर." मात्रा वाचली. बाई पडद्याकडे वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला. ताईला वाटलं, काही चुकलं असेल तर आता बोलतील. बाईंना वाटलं, चुकलं असतं तर हिनं औषध ओढलंच नसतं.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

लाल पिशवीवर उजेड लागू नये म्हणून तपकिरी वेष्टन चढलं आणि शिपाई ती घेऊन गेला.

मग पासवर्ड आला. गळ्यात पट्टा, हातात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर बिलिंग जिंकून आल्याचा आनंद. खुर्चीत बसून त्यानं जुन्या सिस्टिमचा फोल्डर खणून काढला, ऑफिसचा प्रोग्रॅम नव्यानं टाकला, कुठलीशी लांबलचक किल्ली टाइप केली.

"हे घ्या तुमचं घरदार परत," तो म्हणाला. "एक फाईल उघडून बघू. ही लाल चालेल?"

फाईल उघडली. वर एक पिवळी पट्टी आली, बटणं बंद ठेवली आहेत, चालू करायची का? त्यानं हो म्हटलं. मग सहज, टेबलावर टिचकी मारावी तसं त्यानं राखाडी बटण दाबलं.

खालचा आकडा बदलला.

"बघा, आता चालतंय!" पासवर्ड म्हणाला.

ताई बघतच राहिली. नाव इन्स्पेक्टरचं, वजन इन्स्पेक्टरचं, सगळं तिनं सकाळी घातलेलं. फक्त आकडा निम्म्याच्याही खाली आला होता.

"आत्ता काय केलंत तुम्ही?" तिनं विचारलं.

"काही नाही. त्या फुकटच्या प्रोग्रॅमला तुमचं बटण कळत नाही ना. नुसतं हलतं. आकडा आधीचाच राहतो."

आधीचा. काल सायंकाळी या फाईलमधून गेलेली शेवटची पिशवी होती एका ट्रक ड्रायव्हरची. दारातून आडवा होऊन आत यावा असा तो माणूस. त्याची मात्रा, त्या पोरीच्या नावाखाली.

हे लाल औषध आजाराला मारतं तसंच हृदयालाही झोंबतं, आणि थकलेलं हृदय पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. ते तिनं शिकताना पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, नव्या मुलींना शिकवलं होतं. तिनं फोन उचलून वॉर्डचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज.

"बाई, तुम्ही लावत राहा! पिशवी थांबवा म्हणा!" एवढं ओरडून ती पळाली.

लिफ्टपुढे चाकांच्या खुर्च्यांची रांग होती. ती जिन्याकडे वळली. चप्पल एका वळणावर निसटली, ती तशीच टाकली. मनात एकच चाललेलं, शीर सापडू नये. आज पहिल्यांदाच ती कुणा लेकराची शीर सापडू नये म्हणून प्रार्थना करत होती, आणि ती सापडलीय हे सिस्टरनीच सांगितलेलं होतं.

वॉर्डच्या दारात फोनचा रिसीव्हर कानाला लावून दुसरीच कुणी नर्स जेवणाची यादी सांगत होती. ताई तिच्या अंगावरूनच आत गेली. खिडकीजवळच्या खाटेशेजारी स्टँडवर तपकिरी वेष्टन लटकत होतं, आणि खालच्या पारदर्शक नळीत लाल रेघ पार टोकापर्यंत पोचली होती.

तिनं झडप घालून नळीवरचं चाक बंद केलं.

"अगं ए! काय करतेस?" सिस्टर धावत आल्या.

"चुकीची मात्रा आहे. जास्त आहे. कधी लावली?"

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. "आत्ताच... आत्ताच गं. डॉक्टर!"

तेव्हा कुठे ताईनं खाटेकडे पाहिलं. दोन वेण्या नव्हत्या. केसच नव्हते. उंचनिंचही नव्हती. अर्धी खाट रिकामी राहील एवढंसं अंग, आणि उशीला टेकलेलं, मोठ्या डोळ्यांचं एक तोंड. हिला एकदा, फक्त एकदा पाहिलं असतं, तर त्या दुसऱ्या बाटलीला तिचा हात लागलाच नसता.

"हात धुतले का?" पोरीनं विचारलं.

ताईनं आपले हात मागे घेतले.

वॉर्डच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पिशवी उतरवली, वेष्टन काढलं, किती औषध आत गेलं ते मोजणाऱ्या पंपावरचा आकडा पाहिला. मग कागद ओढून गुणाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला. ताई त्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. ते टोक थांबलं.

"आत गेलंय ते हिच्या खऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार कमी. तरी हृदयाचा आलेख काढू. आज, उद्या, दोन्ही दिवस." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "तू आली नसतीस तर..."

खाटेपलीकडे पोरीची आई उभी होती.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही हो, लेबलचा जरा घोळ," सिस्टर घाईनं म्हणाल्या आणि त्यांनी ताईला डोळ्यांनी खुणावलं. खूण सरळ होती. निघ. वाचलंय सगळं, आता तोंड बंद.

ताईला निघायचं होतं. खूप वाटत होतं. पाय दाराकडे वळलेसुद्धा.

"लेबलचा नाही," ती म्हणाली. "मात्रेचा. दुसऱ्या पेशंटची मात्रा तुमच्या मुलीच्या पिशवीत गेली. दुपटीहून जास्त. मीच भरली."

आई तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"आणि आता?"

"ही पिशवी टाकून द्यायची. नवी बनवायची."

"कोण बनवणार?"

आज आत जाणारं दुसरं कुणी नव्हतं. एक रजेवर, एक बाळंतपणावर, बाईंच्या डोळ्यांना आता बारीक खुणा दिसत नसत. "मीच," ताई म्हणाली.

मग आईनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, सिस्टरना म्हणाली, "हिच्याकडे बघा," आणि ताईच्या मागोमाग जिना उतरायला लागली. नियमात बसत नव्हतं. ताईनं तिला अडवलं नाही.

खाली कॉम्प्युटर सुरळीत चालू होता. पासवर्ड कोपऱ्यात चोरासारखा उभा होता. त्याचा काही दोष नव्हता, तरीही. ताईनं पडदा बंद केला. एक कोरा कागद बाईंना दिला, एक स्वतः घेतला.

"तुम्ही बाहेर जिन्यापाशी करा, मी इथे. माझं बघू नका, बाई. मला विचारूही नका."

बाईंचे डोळे भरून आले होते. त्या कागद घेऊन जिन्यापाशी गेल्या. दोघींची उत्तरं जुळली. तरी ताईला धीर आला नाही. सकाळीही सगळं जुळलंच होतं की.

तिनं झगा चढवला, दोन्ही हातमोजे घातले आणि आत गेली. काचेपलीकडे आई उभी राहिली, काचेला जवळजवळ नाक लावून. बाई ओ द्यायला तिच्या शेजारी आल्या. ताईनं हात कपाटात टेकवले, थांबली, पुन्हा उचलले.

मग या वेळी औषध ओढायच्या आधीच तिनं लेबल वाचायला घेतलं. नाव वाचलं.

बाईंनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "बरोबर."

ताईनं वजन वाचलं.

आईच्या कपाळावर आठी पडली. तिनं बाईंकडे पाहिलं, मग काचेतून ताईकडे.

"ते गेल्या वेळचं आहे," ती म्हणाली. "त्यानंतर तिनं धड खाल्लेलं नाही. आज कुणी मोजलंच नाही. सगळे घाईत होते."

ताईनं हातातली बाटली न फोडता खाली ठेवली.

"मोजून या," ती म्हणाली.

आई जिन्याकडे धावली. ताई दोन्ही हात वर धरून, कशालाही न शिवता, काचेआड तिची वाट बघत उभी राहिली.