मांडीवरचा नकाशा

दुकानवाल्या बाईंनी दोन नकाशे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "गाडी कोण चालवणार आणि नकाशा कोण वाचणार?"

"चालवणार मी," धाकटा म्हणाला. "वाचणार आमचा दादा. चौतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होता. नकाशाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही."

बाईंनी दादाकडे कौतुकाने पाहिलं असावं. दादाला ते दिसलं नाही. त्यांच्या चेहऱ्याच्या जागी एक धुरकट डाग होता आणि डागाच्या कडेने पांढरे केस आणि एक कानातलं तेवढं दिसत होतं. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. जिथे नजर लावावी, नेमकं तिथलंच पुसलं जायचं. आजूबाजूचं सगळं शाबूत. मान तिरकी केली की मोठी अक्षरं कशीबशी लागत. बारीक अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या.

त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तो या दुकानात आलाच नसता.

त्याने लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर धाकट्याच्याच घरी राहिला, आतल्या खोलीत. घरात त्याचा कोणाला त्रास नव्हता आणि तसा उपयोगही नव्हता. मग धाकट्याने परदेशात बारा दिवस भाड्याची गाडी घेऊन हिंडायचं ठरवलं आणि गाडं एका जागी अडलं. त्या काळी परमुलखात रस्ता सापडायला कागदाशिवाय दुसरा आधार नव्हता. धाकटा दिशेच्या बाबतीत असा ढ, की सासुरवाडीला जातानाही दोनदा विचारावं लागे. भावजयीला चालत्या गाडीत दोन ओळी वाचल्या तरी मळमळायचं. तेव्हा तिनेच म्हटलं होतं, "दादांना घेऊ की. पण दादा, नुसतं खिडकीबाहेर बघत बसायचं नाही हं. तुम्ही पुढे बसायचं, नकाशा तुमच्या मांडीवर."

त्या दिवशी दादा जेवता जेवता दोनदा पाणी प्यायला उठला होता. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर त्याने चौतीस वर्षं रस्ते ओढले होते. एकेका कागदाला तीन-तीन महिने लागत. साहेब म्हणायचे, घाटाचं वळण याच्यासारखं कोणी ओढत नाही. त्यातल्या एकाही घाटातून तो कधी गेला नव्हता.

"हा बघा," बाई सांगत होत्या, "हा एकच मोठा कागद. सगळा देश एका नजरेत, अक्षरंही ठळक. आणि हे पुस्तक. शंभरावर पानं आहेत, गल्लीबोळसुद्धा सुटलेले नाहीत. तुम्ही डोंगरात जाणार, तर माझं मत विचाराल तर पुस्तक."

दादाने पुस्तक उघडलं. मुंग्या. पान उलटलं. पुन्हा मुंग्याच. त्याने मान तिरकी केली, पुस्तक लांब धरलं, मग नाकाशी आणलं. शेजारी उभी असलेली भावजय बघते आहे असं वाटून त्याने ते मिटलं आणि मोठा कागद पसरला. राजधानीचं नाव दिसलं. दोन मोठी शहरं दिसली. जाड लाल रस्ते दिसले. त्याचा जीव भांड्यात पडला.

"हा घ्या," तो म्हणाला. "पुस्तकात पानं उलटता उलटता वळण मागे जातं."

बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. या कागदावर चढ दाखवलेले नाहीत, कुठला घाट एकेरी आहे ते कळत नाही, असं काहीतरी त्या म्हणाल्या. हे सगळं खरं होतं. कचेरीत कोणी गाडीवाल्याला असला कागद हातात दिला असता, तर दादाच सगळ्यांत आधी ओरडला असता. आता त्याने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"बरं, पहिल्या दिवसाचं दाखव," धाकटा म्हणाला. "विमानतळावरून तळ्याकाठच्या गावी. मला नुसतं ऐकायचंय. बरं वाटतं."

दादाने बोट टेकवलं. "इथून निघायचं. हा लाल रस्ता धरायचा, सरळ खाली. मग इथे डावीकडे, आणि हा असा पलीकडे." बोट झोकात गेलं. तशी सवयच होती बोटाला.

बाई कागदावर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, ही बोटीची वाट आहे. खाली तळं आहे."

दादाच्या कचेरीत लाल शाई फक्त पक्क्या रस्त्याला लागायची. पाण्यावर लाल रेघ ओढणाऱ्याला साहेबांनी घरी पाठवलं असतं. त्यामुळे लाल दिसली की रस्ता, असा त्याच्या हाताचा हिशेब होता. आणि खालचा फिका निळा रंग त्याला हल्ली पांढराच दिसत असे.

धाकटा खो खो हसला. "पहिल्याच दिवशी जलसमाधी! दादा, निदान एक रात्र तरी हॉटेलात काढू दे."

दादाला वाटलं, आता भावजय बोलणार. ती बोललीही, पण भलतंच. "हसायला काय झालं? त्यांच्याकडचे रंगच वेगळे, त्यात दादांचा काय दोष? दोन दिवसांत सरावतील." मग दादाकडे वळून म्हणाली, "तुम्ही म्हणता तोच घेऊ. तुम्ही पुढे बसणार म्हणून तर मी निर्धास्त आहे. नाहीतर यांच्या हाती स्टिअरिंग आणि मी मागे डोळे मिटून!"

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती.

बाई कागदाची घडी घालू लागल्या. धाकट्याने पाकीट काढलं. आता काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. दादा उभा राहिला. त्याला एक घाट दिसला, समोरून येणारा ट्रक, आणि पुढच्या सीटवर ठळक अक्षरांचा कागद घेऊन बसलेला एक म्हातारा. मागे भावजय, डोळे मिटून.

"तो नको," तो म्हणाला. "पुस्तक घे."

"अरे, तूच म्हणालास ना..."

"मला हा वाचता येतो, म्हणून हा म्हणालो. पुस्तक येत नाही. डोळे गेलेत माझे. वर्ष झालं."

बाईंनी घडी अर्धवट ठेवली. धाकटा म्हणाला, "काहीतरीच काय!" भावजयीने विचारलं, "वर्ष?" दादाने मान हलवली. "आणि तुम्ही आम्हाला घेऊन निघाला होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पुस्तक घेतलं.

पुढचे आठ दिवस घरात प्रवासाचा विषय दादासमोर निघाला नाही. तो आला की बोलणं दुसरीकडे वळायचं. इतक्या सफाईने, की घाटाचं वळणही तसं कोणी काढलं नसतं. गाडीत चार जागा होत्या. दादाने त्या मनात मोजल्या होत्या. पुढे कोणीही बसो, मागे कडेला एक जागा उरत होती. नकाशा नको, काही नको. नुसतं खिडकीबाहेर बघायचं. कडेकडेचं तर त्याला अजून छान दिसत होतं. पण हे आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? एखाद्या जेवणाला धाकटा सहज म्हणेल, "मागे बस रे, काय बिघडतं?" अशी तो वाट बघत राहिला.

नवव्या दिवशी धाकटा त्याच्या खोलीच्या दारात आला. आत आला नाही. "दादा, तुला बारा दिवस एकट्याला जमेल ना? हिचा भाऊ येतोय आमच्याबरोबर. त्याला नकाशाबिकाशा समजतो."

"जमेल की," दादा म्हणाला. "न जमायला काय झालं?"

"परत आलो की तुझे डोळे दाखवू. किंवा तूच दाखवून ये मधल्या काळात."

"येतो दाखवून."

ते गेले. सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. आधी भावजयीचा भाऊच बोलला, मोठमोठ्याने, मागे गाड्यांचे आवाज. "दादा, तुम्ही निवडलेलं पुस्तक म्हणजे चोख काम. एक वळण चुकलं नाही बघा. काल त्या घाटात एकेरी रस्ता होता, आधीच कळलं म्हणून दुसरीकडून गेलो. समोरून लाकडाचे ट्रक येत होते हो."

"अस्सं," दादा म्हणाला. "मग बरं झालं."

मग धाकटा आला. हवा छान आहे म्हणाला, ही मागे झोपून असते म्हणाला, मागची सीट सगळी तिलाच. "तू डॉक्टरकडे जाऊन आलास का?"

"आलो."

"काय म्हणाले?"

"थेंब दिलेत."

नाणी संपत आल्याचं सांगून धाकट्याने घाईने फोन ठेवला. दादाने रिसीव्हर ठेवला, तर तो फोनच्या शेजारी टेबलावरच टेकला. त्याने दुसऱ्या हाताने फोन चाचपला, दोन्ही खाचांवर बोटं ठेवून त्या नीट शोधल्या, आणि मग रिसीव्हर जागेवर ठेवला.