माझं ‘आत्ता’ उशिरा निघालं

मी सिग्नल जनरेटर बोलतोय. जरा भरभर बोलेन, कारण स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. सेकंदात लाखो वेळा वर-खाली व्हायला माझा जन्म झाला. शांतपणा आणू कुठून?

कारखान्यातून मी खोक्यात बसून थेट या प्रयोगशाळेत आलो. इथे कानात घालायची श्रवणयंत्रं तपासतात. पुढच्या तोंडाने मी ठरावीक आवाजाचा सिग्नल सोडतो. पाठीमागे मला आणखी एक छोटं तोंड आहे, त्याला मार्कर म्हणतात. आवाज निघाला त्या क्षणी शेजारच्या ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नलची रेघ स्क्रीनवर काढणाऱ्या यंत्राला, ‘आत्ता’ अशी खूण द्यायची, एवढंच त्याचं काम. शर्यतीत शिट्टी वाजवतात ना, तसं. खूण मिळाली की तो वेळ मोजू लागतो आणि आवाज श्रवणयंत्रातून बाहेर पडायला किती उशीर झाला ते दाखवतो.

मधे एक पाहुणे शास्त्रज्ञ आले. त्यांच्या उपकरणाला उलटी खूण लागायची, म्हणून त्यांनी मार्करची दिशा फिरवली. माझी खूण आता आवाज सुरू होताना नव्हे, तर संपताना उठू लागली. माझ्या कपाळावर ‘सेटिंग बदलू नये’ अशी चिठ्ठी डकवून ते निघून गेले. दुसऱ्याच्या सेटिंगला हात लावायचा नाही, ही इथली जुनी रीत. पाहुणे गेले, चिठ्ठी राहिली.

मग तपासणीवाल्या ताईंनी त्यांचं नवं श्रवणयंत्र आणलं. दोन वर्षं त्या हात धुऊन त्याच्या मागे लागल्या होत्या. उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत हवा होता. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. माझा आवाजच वीस मिलिसेकंदांचा. म्हणजे धावणारा वीस पावलं पुढे गेल्यावर मी शिट्टी वाजवत होतो. स्क्रीनवर आकडा आला नऊ. ताईंनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा नऊच. त्यांनी रिपोर्टवर सही केली, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मी आतल्या आत तडफडत होतो. खरा आकडा एकोणतीस होता हो! पण तोंडं दोन असून हे सांगायला मला एकही नव्हतं.

शनिवारी ताईंनी तसलंच एक श्रवणयंत्र आपल्या सासूबाईंना दिलं. सोमवारी सासूबाई स्वतःच तरातरा प्रयोगशाळेत हजर. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, “अगं, हे काढ बाई. मी बोलले की मागून कुणीतरी माझी नक्कल करतंय. इतक्या वर्षांत तू केली नाहीस ती.”

साहेब हसले. “आजी, सवय व्हायला वेळ लागतो.”

“बहिरी आहे मी, वेडी नाही.”

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या मार्करचं पान उघडलं आणि एकेक ओळ वाचत गेल्या. ‘दिशा : उलटी’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चिठ्ठी नखाने सोलून काढली, दिशा सुलट केली आणि पुन्हा मोजलं. एकोणतीस.

“हा जनरेटर जुना झालाय, काहीही खुणा देतोय,” साहेब म्हणाले. “भंगारात काढू तो. उद्या या श्रवणयंत्राचे दोनशे नग रवाना व्हायचेत, मॅडम. रिपोर्ट झालाय.”

माझा पंखा जोरात फिरू लागला.

“त्याला सांगितलं तसंच त्याने केलं,” ताई म्हणाल्या. “बघितलं नाही ते मी. सही माझी आहे, मीच खोडते.”

आणि सगळ्यांसमोर त्यांनी ती खोडली. दोनशे नग खोक्यांतच राहिले. मी वाचलो म्हणून मला हायसं वाटलं, पण त्यांचा चेहरा पाहून त्याची लाजही वाटली.

त्याला सात महिने झाले. साहेब ताईंशी कामापुरतंच बोलतात. आकडा चौदावर आलाय, दहा अजून दूर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. मोजण्याआधी माझी खूण कुठे लागलीय ते बघत जा. तुम्ही डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवता, त्याचीच मला धास्ती वाटते.

आता थांबतो. जेवणाची सुट्टी झालीय आणि सासूबाईंचा फोन आलाय. ताई अख्ख्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतायत, “अजून नाही झालं, आई. थोडे दिवस थांबा.” पलीकडून “काय?” असं येतं, आणि ताई तेच पुन्हा सांगतात, आणखी मोठ्याने.