सहाव्या पोर्टचा दिवा

काचेमागच्या पेटीवरचा सहावा हिरवा दिवा लुकलुकला, आणि त्यानंतर महाराजांचा हात वर गेला. त्यानंतर. विनयाने ते नीट पाहिलं.

ती जिथली मशीनं सांभाळायची, त्या गुरुग्रामच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा चालू होती. मशीन-रूमच्या काचेवर झेंडूच्या माळा, राउटरला हळदकुंकू. घरची माणसंही आली होती. आज यंत्राला कुणी हात लावायचा नाही, ही जुनी रीत महाराजांच्या फार सोयीची होती.

"बेटा, शस्त्रं खाली! हात लागला की दोष. बघा, मशीन के भी प्राण होते हैं. सो जा!"

नेट तुटलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीच्या सगळ्या शाखा लाल झाल्या.

"उठ जा!"

पडदा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. मॅनेजर विक्रांत तर पायावर लोळायचाच बाकी होता. "अरे, दिल्लीतला एक तरी इंजिनियर असं करून दाखवेल का?"

कोपऱ्यात शिष्य हेरंब मांडीवरच्या उपरण्याखाली हात घालून जप करत होता. वर्षभरापूर्वीपर्यंत ऑफिसच्या मशीनची देखभाल त्याच्याकडेच होती.

पहिल्या रांगेत विनयाच्या सासूबाई, पद्मजा, पदर छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. छातीतली गाठ सुपारीएवढी असतानाच डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. तेव्हाच नेमकं ऑफिसचं बंद पडलेलं नेट महाराजांनी करोल बागेतल्या आसनावरून चालू केलं, आणि दिल्लीत द्वारकेच्या त्यांच्या घरात अंगाऱ्याचं पाणी सुरू झालं. आता गाठ लिंबाएवढी होती.

"माताजी, डॉक्टरची सुरी हेही शस्त्रच. तीही खाली ठेवा. मशीन उठतं, तर गाठ काय चीज!"

लोक प्रसादाला वळले. विनयाने लॅपटॉप उघडला.

"विनया, आज खंडेनवमी आहे," विक्रांत ओरडला.

"हो." तिने काम संपवलं, झाकण मिटलं आणि पुढे आली. "महाराज, आमच्या आईंसाठी एकदा परत करा ना."

"क्यों नहीं! सो जा!"

पडदा हिरवाच.

"सो जा!"

उपरण्याखालची हालचाल वाढली.

"हेरंब," विनया शांतपणे म्हणाली, "पासवर्ड विचारतोय ना?"

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. हेरंबच्या हातून मोबाइल सटकला.

"हा सीरियल पोर्ट स्विच," तिने पेटीकडे बोट केलं. "यातून एकेक वायर एकेका मशीनच्या मागच्या दाराला जाते. सहावी राउटरला. पेटीला स्वतःचं सिम आहे, म्हणून नेट मेलं तरी बाहेरून, मोबाइलवरूनही आत शिरता येतं. आपण पासवर्डच ठेवला नव्हता. विक्रांत म्हणाला, कोण लक्षात ठेवणार. आत्ता मी पेटीला आणि प्रत्येक पोर्टला वेगळा पासवर्ड लावला. प्राण गेले की दार बंद झालं?"

महाराज म्हणाले, "नास्तिक की छाया!" आणि विक्रांत पुटपुटला, "पण आजच्या दिवशी हात लावायला नको होता, यार." दोघीतिघी तर अजून प्रसादाच्या रांगेतच होत्या.

विनया सगळ्यांकडे वळली. "पूजा करा, मी कुठे नको म्हणते? पण जे डोळ्यांना दिसलं ते कसं झालं, एवढं तरी विचारा. मशीन बंद पडलं तर परत सुरू होतं. माणसाचं तसं नाही." ती सासूबाईंसमोर खाली बसली. "आई, दिवा आधी लागला. हात नंतर वर गेला."

"मला दिसलं नाही ते."

"मला दिसलं."

पद्मजाबाईंनी महाराजांकडे पाहिलं. ते हेरंबला दाराकडे ढकलत होते. बाईंनी मुठीतली अंगाऱ्याची पुडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. पदर सैल झाला.

"केव्हापासून सांगत होतीस गं," त्या म्हणाल्या. मग मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "प्रसन्ना, डॉक्टरांना फोन लाव. मी ऑपरेशन करून घेणार आहे."